पाच हजारांची बी.ए.

"माझा भाऊ विद्वान आहे," तात्या पगडबंद भर कोर्टात ओरडत होता. "नर्मदेच्या ह्या बाजूला त्याच्यासारखा दुसरा विद्वान नाही. त्याला कोणी बिनकामाचा म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही."

त्याचा आवाज असा लागला की धारच्या किल्ल्यावरची कबुतरे उठली ती थेट मांडवगडला जाऊन बसली. दोन दिवस परतली नाहीत. न्यायाधीशसाहेबांनी शाई हिंदकळते म्हणून दौतीला झाकण लावले. दारातला पट्टेवाला म्हणाला, "भिया, जरा धीरे."

वाचणाऱ्याला वाटेल, भावावर केवढे हे प्रेम. तसे नव्हते. तात्याने त्या भावावरच दावा लावला होता. आणि त्या भावाला भर कोर्टात बिनकामाचा म्हणणारा इसम म्हणजे त्या भावाचा स्वतःचा वकील होता. तो मी.

मी धार आणि देवास ह्या दोन संस्थानांत मिळून चाळीस वर्षे वकिली केली. ही हकीकत माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली, मोटार राजवाड्याबाहेर दिसली तर लोक जेवण टाकून बघायला धावत तेव्हाची. माझी सनद संस्थानच्या परीक्षेची. मॅट्रिकला मी तीनदा बसलो होतो. परीक्षक बदलत गेले, निकाल बदलला नाही. तेव्हा बी.ए. ह्या गोष्टीबद्दल माझे मत फारसे निष्पक्ष नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

तात्याचे घराणे पगड्या बांधणारे. दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले, ते बांधतच राहिले. लाकडी साच्यावर हातभर रुंदीचे आणि कोस-दोन कोस लांबीचे कापड पीळ देऊन गुंडाळायचे, खळ लावायची, टाके घालायचे. तात्याची पगडी डोक्यावर बसली की भूकंपातही हलत नसे. डोके हलत असे, पगडी जागच्या जागी. बाप लवकर गेला. धाकटा गोविंदा तेव्हा सहा वर्षांचा, तात्या अठराचा. गोविंदाला साच्यापाशी बसवले की तो कापडावरचा गिरणीचा शिक्का वाचत बसे. तात्याने ओळखले की हा हात पगडीचा नव्हे. त्याला शाळेत घातले, मग इंदूरला कॉलेजात. त्यासाठी तात्याच्या बायकोचे तोडे गेले, मागच्या अंगणाची जागा गेली. गोविंदा दुसऱ्या खेपेस बी.ए. झाला. साऱ्या पगडबंदांत पहिला. तात्याने त्या दिवशी गावातल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितले, आणि अनोळखी माणसांना दोनदा.

गोविंदाचा गोविंदराव झाला. देवासला शाळाखात्यात चांगल्या पगारावर लागला. दहा वर्षांत त्याने धारला मुंज तलावाजवळ दुमजली पक्के घर बांधले, बायको-मुलांना तिथे ठेवले. वास्तुशांतीला सगळा गाव बोलावला. तात्याने भावासाठी आठ दिवस खपून एक लाल पगडी बांधली, डब्यात घालून स्वतः घेऊन गेला. दारात गोविंदराव पाहुण्यांचे स्वागत करत उभा होता. डोक्यावर काळी फेल्ट टोपी. आत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर तात्याची पगडी, आणि सख्ख्या भावाच्या डोक्यावर ती दुकानातली टोपी. गोविंदराव म्हणाला, "तात्या, डबा आत ठेव, मग बघू." दारावर पितळेची नवी पाटी होती. तिच्यावर गोविंदरावाचे नाव आणि पुढे बी.ए.

तात्या जेवला. पानही खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आगाशे वकिलांकडे गेला आणि म्हणाला, वाटणी पाहिजे. पाटीचीसुद्धा.

आता थोडा कायदा. घाबरू नका, मीही थोडाच शिकलो आहे. एकत्र कुटुंबात भावाभावांची मिळकत सामाईक असते. पण एखादा भाऊ विद्या शिकून कमावू लागला तर? त्या काळचा नियम असा: कुटुंबाच्या पैशाने तो एखादी खास विद्या शिकला असेल, म्हणजे डॉक्टरी, वकिली, पूल बांधणे, तर त्या विद्येची कमाई सगळ्यांची. त्यात इतर भावांचा हिस्सा. पण साधे लिहिणे-वाचणे शिकला असेल तर कमाई ज्याची त्याची. ह्याला विद्याधन म्हणत. पुढे कायदा बदलला, पण तेव्हा असे होते.

म्हणजे सगळा प्रश्न एवढाच: बी.ए. ही खास विद्या, की साधे लिहिणे-वाचणे? खास ठरली तर तलावाजवळचे घर अर्धे तात्याचे. साधी ठरली तर घर पुरे गोविंदरावाचे.

तात्याचे वकील आगाशे हे स्वतः बी.ए., एलएल.बी. ते दाव्याचा अर्ज दाखल करत होते तेव्हा मी कचेरीतल्या बाकावर शेंगा खात बसलो होतो. दाव्याला स्टँप लागतो. दावा जितक्या किमतीचा, तितका जास्त स्टँप. म्हणून शहाणी माणसे किंमत हात राखून लिहितात. आगाशांनी लिहिले होते: बी.ए. डिग्रीपासून झालेला व होणारा लाभ, किंमत रुपये पंधराशे. कारकुनाने तो आकडा मोठ्याने वाचला.

"पंधराशे?" तात्या म्हणाला. "पंधराशेला तर घोडा येतो."

आगाशांनी हळूच समजावले की हे फक्त स्टँपापुरते आहे, किंमत वाढवली तर खर्च तुमचाच. तात्या ऐकेना. माझा भाऊ घोड्याच्या भावात लिहू नका म्हणाला. पाच हजार लिहा. आगाशांनी कपाळाला हात लावला. तात्याने कमरेचा कसा सोडला, जादा स्टँपाचे पैसे मोजून दिले, आकडा पाच हजार करून घेतला आणि त्याखाली मोडीत सही ठोकली. ज्याच्याविरुद्ध दावा, त्याची किंमत वाढवायला पदरचे पैसे घालणारा वादी मी त्यानंतर पाहिला नाही. मी शेंगा खाऊन हसत घरी गेलो. नुसते हसून विसरलो असतो तर पुढे महागात पडले असते.

चार दिवसांनी गोविंदराव देवासहून तांग्याने माझ्याकडे आला. चष्मा, कोट, ती काळी टोपी. घर जाईल म्हणून रडकुंडीला आला होता. बायकोने विचारले होते, जिना कोणाच्या अर्ध्यात येईल.

मी म्हणालो, "गोविंदराव, बी.ए.ला काय काय शिकलात?"

तो ताठ बसला. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, ग्रीस आणि रोमचा इतिहास, इंग्रजी काव्य, संस्कृत नाटक, अशी यादी त्याने दिली.

"ह्यातले बाजारात काय विकता येते?"

त्याने विचार केला. माणूस प्रामाणिक. "काही नाही."

"हेच कोर्टात सांगायचे."

त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटले टोपी आता मानेपर्यंत येते. त्याला मी सांगितले, तुमची विद्या जितकी निरुपयोगी, तितके तुमचे घर पक्के. नोकरी मिळाली ती स्वभावाने, अक्षर चांगले म्हणून, नशिबाने. बी.ए.चा तिच्याशी संबंध नाही. आणि घरी जाऊन आधी दारावरची ती पाटी काढा.

त्याने पाटी काढली. खिळ्यांची चार भोके राहिली.

साक्षीच्या दिवशी कोर्ट असे भरले की मागच्या लोकांना श्वास बाहेर जाऊन घ्यावा लागत होता. मी गोविंदरावाला प्रश्न विचारले. शेतमोजणी येते का? नाही. रोग्याची नाडी? नाही. पूल बांधता येतो? नाही. साधे खरेदीखत लिहिता येते? नाही. मग तर्कशास्त्र शिकून काय येते?

"दुसऱ्याचे कुठे चुकते ते दाखवता येते."

"त्याचा पगार मिळतो?"

"नाही. बहुतेक वेळा नोकरी जाते."

न्यायाधीशसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटले, जिंकलो. मग आगाशे उठले. स्वतःच्या डिग्रीची अशी विटंबना ऐकून त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी एकच धागा धरला.

"घराच्या दारावर चार भोके आहेत. कसली?"

गोविंदरावाने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

"पाटी होती."

"पाटीवर काय होते?"

"माझे नाव."

"नावापुढे?"

"दोन अक्षरे."

"ती पाटी का काढली?"

गोविंदराव शपथेवर होता. तो म्हणाला, "त्या दोन अक्षरांचा काही उपयोग नाही हे आमच्या वकीलसाहेबांनी पटवून दिले."

सगळे कोर्ट हसले. मी उठून माझे भाषण केले. म्हटले, महाराज, हा बी.ए. आहे म्हणजे काय आहे? पगडी बांधणारा पगडी बांधतो. न्हावी हजामत करतो. हा इसम बिनकामाचा आहे, आणि ज्या शिक्षणाने माणूस असा बिनकामाचा होतो त्याला खास विद्या कशी म्हणावी? आणि इथे तात्या उठला. कबुतरे उडाली ती ह्या वेळेस.

न्यायाधीशसाहेबांनी त्याला खाली बसायला सांगितले आणि विचारले, "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने आहात?"

"माझ्या," तात्या म्हणाला.

निकाल आमच्या बाजूने लागला. बी.ए. हे सामान्य शिक्षण. त्याने बुद्धीला वळण लागते, पण धंदा हाती येत नाही. सबब तलावाजवळचे घर गोविंदरावाचे एकट्याचे. जुने घर आणि दुकान सामाईकच राहिले, त्यावर वाद नव्हता. गोविंदरावाने मला पेढे दिले. तात्या पायऱ्या उतरून गेला, आमच्याकडे न पाहता. चाळीस वर्षांत मी जिंकलेल्या केसेसमध्ये ही सर्वांत सफाईची. म्हणूनच तिने बारा दिवसांत माझा गळा धरला.

बाराव्या दिवशी गोविंदराव पुन्हा दारात. ह्या वेळी टोपी हातात होती.

आता देवासबद्दल सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. देवास गाव एक, राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या मधून हद्द. दोन दरबार, दोन कचेऱ्या, सगळे दोन-दोन. मी असे एक घर पाहिले आहे ज्याचा ओटा एका पातीत आणि परसदार दुसऱ्या पातीत होते. ओट्यावर मारामारी करून परसात गेले की शिपाई हात हलवत परत जाई. अशा गावात एका पातीने काही केले की दुसरीला तेच करावे लागे, शक्यतो थोडे जास्त. एका पातीने शाळांवर देखरेखीला एक बी.ए. नेमला, तेव्हा दुसरीला बी.ए. आणावाच लागला. तो आमचा गोविंदराव. हुकमातच लिहिले होते: इसम बी.ए. असल्यामुळे दरमहा नव्वद रुपये. बी.ए. नसता तर तीस. तो कोणत्या पातीत होता ते मी सांगत नाही. माझे जावई दोन्हीकडे आहेत.

झाले असे. कोर्टातल्या साक्षीची नक्कल, म्हणजे शिक्क्यासह खरी प्रत, थोडे पैसे भरून कोणालाही मिळते. ती दुसऱ्या पातीतल्या कोणीतरी धारहून मागवली आणि देवासात पानवाल्याच्या दुकानावर वाचून दाखवली. पानवाल्याचे दुकान हद्दीवर, त्यामुळे दोन्ही पात्या एकदमच हसल्या. आमचा बी.ए. खरा, तुमचा बी.ए. स्वतःच शपथेवर सांगतो की मला काही येत नाही, असे टोमणे सुरू झाले. गोष्ट गोविंदरावाच्या वरिष्ठांच्या कानावर गेली. त्यांना आपण साहेब म्हणू. साहेबांनी गोविंदरावाला लेखी विचारले: तुम्ही शपथेवर म्हणता की डिग्रीने तुम्हाला उपयोगाचे काही येत नाही. तर मग तुमचा पगार नव्वदचा तीस का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत समक्ष येऊन करावा.

पत्र तर्कशुद्ध होते. गोविंदरावालाही ते मान्य होते, हीच तर अडचण. तीस रुपयांत घराच्या कर्जाचे हप्ते निघणार नव्हते. म्हणजे जे घर मी जिंकून दिले होते ते आता अर्धे नव्हे, सगळेच जाणार होते. तो मला म्हणाला, "वकीलसाहेब, आता सिद्ध करा की मला काही येते." माझ्या घरात त्या वेळी नऊ माणसे होती, मांजर धरून. नवांनी माझ्याकडे पाहिले.

मी त्याला घरी पाठवले आणि कोर्टातून केसचे मूळ कागद मागवून घेतले. गोविंदरावाच्या तोंडून काही निघणे शक्य नव्हते, त्याचे तोंड मीच शिवून टाकले होते. माझे भाषण तर जाळण्यासारखे. आगाशे बी.ए.च्या बाजूने बोलले होते, पण वकिलाच्या बोलण्याला काय किंमत हे मला घरचे ठाऊक. मग कागदांच्या तळाशी दाव्याचा अर्ज लागला. किंमत रुपये पाच हजार. त्यावर स्टँप. मला त्या शेंगा आठवल्या आणि मी ताडकन उठलो.

पण नुसता अर्ज म्हणजे कागद. माणूसही लागणार होता. आणि तो माणूस मी नुकताच हरवलेला.

तात्याच्या दुकानात गेलो तेव्हा कापडाचे एक टोक दाराच्या कडीला बांधलेले आणि दुसरे त्याच्या हातात होते. पीळ देणे चालले होते. मला कापडाखालून वाकून आत जावे लागले. त्याने बसा म्हटले नाही. मी उभ्यानेच सगळे सांगितले.

"किती करून राहिले पगार?" त्याने विचारले.

"तीस."

त्याचा हात थांबला. कापड सैल पडले. "तीस? मी पाच हजार लिहिले होते."

"म्हणूनच आलो."

तो पुन्हा पीळ देऊ लागला. मी मनात म्हटले, झाले, ह्याला आता घरबसल्या सूड मिळतो आहे, तो का हलेल. मग त्याने मान वर न करता विचारले, "त्या साहेबासमोर तो काय टोपी घालून जाणार?"

मला एक क्षण कळले नाही. मग कळले. "पगडी घालील," मी म्हणालो. गोविंदरावाला विचारायची गरज नव्हती, वकीलपत्र माझ्याकडे होतेच.

मी गोविंदरावाला निरोप धाडला, तो पगडीचा डबा तलावाकाठच्या घरातून घेऊन आला. धारहून देवास, वाटेत इंदूरला मुक्काम. तांग्यात आम्ही तिघे आणि डबा. दोघे भाऊ दोन टोकांना, मध्ये डबा. दोन दिवस एकही शब्द नाही. डब्याला मात्र पूर्ण जागा. मी पायरीवर अर्धा लोंबकळत गेलो आणि माळव्यातली धूळ इतकी खाल्ली की देवासला उतरलो तेव्हा माझ्यावर ज्वारी पेरता आली असती.

कचेरीच्या बाहेर तात्याने डबा उघडला. गोविंदरावाने टोपी काढली. तात्याने पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, दोन बोटांनी मागे रेटली.

"मान सरळ," तात्या म्हणाला.

"इतकी जड असते?"

"नसते. तुला सवय नाही."

दोन दिवसांतले हे त्यांचे पहिले बोलणे.

साहेब सभ्य गृहस्थ होते आणि कागदाचे पक्के. त्यांच्यासमोर साक्षीची नक्कल होती, तांबड्या शाईने खुणा केलेली. त्यांनी विचारले की हा स्वतःच म्हणतो की काही येत नाही, ह्यावर खुलासा काय.

"नम्रतेने बोलला, साहेब."

"शपथेवर नम्रता?"

हा माझा वार फुकट गेला. मी दाव्याचा अर्ज पुढे केला. म्हणालो, साहेब, ती साक्ष घर वाचवायला दिलेली. स्वार्थ होता. हा कागद पाहा. हा ह्याचा सख्खा भाऊ. ह्याच्यावर दावा लावणारा. दावा लावला तेव्हा ह्याला भावाचे तोंड बघवत नव्हते. तरी त्याने भावाच्या बी.ए.ची किंमत पाच हजार लावली. तोंडाने कोणीही काहीही म्हणेल, ह्याने त्या आकड्यावर स्टँप भरला. वकील नको म्हणत असताना भरला. वर दावा हरला.

साहेबांनी कागद उचलून उजेडाकडे धरला. स्टँपावर अंगठा फिरवून पाहिला. मग तात्याला विचारले की सही तुमची का. तात्याने मान हलवली.

"तुम्ही हरलात. घर मिळाले नाही. तरी आज हेच म्हणता?"

"हेच म्हणतो."

आणि मग पुन्हा तो सुरू झाला. नर्मदेच्या ह्या बाजूला, वगैरे. ह्या वेळी कबुतरे देवासच्या टेकडीवरची होती. भिंतीवरचे घड्याळ थांबले, ते मी नंतर किल्ली देऊन चालू केले. साहेब खुर्चीत मागे सरकले. गोविंदराव पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता, पण मान सरळ. त्या पगडीत ती वाकतच नाही.

तात्या थांबल्यावर मी खिडकीतून बाहेर, हद्दीपलीकडे पाहिले. सहज बोलल्यासारखा म्हणालो, "त्या पातीतल्या बी.ए.ची किंमत मात्र अजून कोणत्याच कोर्टात लागलेली नाही. स्टँपासकट तर नाहीच."

साहेबांनीही खिडकीबाहेर पाहिले. मग त्यांनी कारकुनाला हाक मारली आणि ह्या अर्जाची खरी नक्कल करून घे म्हणाले. दोन प्रती. एक खात्यात ठेवायला. दुसरी कशाला ते त्यांनी सांगितले नाही, पण त्या संध्याकाळी पानवाल्याच्या दुकानावर ती वाचली गेली हे मी माझ्या कानांनी ऐकले.

पगार नव्वदच राहिला. पुढच्या वर्षी पंच्याण्णव झाला. असे म्हणतात की महिन्याभरात दुसऱ्या पातीतल्या बी.ए.ने आपल्या थोरल्या भावाला पत्र लिहून विचारले, तू माझ्यावर दावा लावशील का, सहा हजारांचा, स्टँप मी देतो. हे पत्र मी पाहिलेले नाही. पण पाहिलेल्या माणसाला पाहिलेला माणूस मला भेटला आहे.

तलावाजवळच्या घरावर पाटी परत लागली, त्याच चार भोकांत. आगाशे माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. त्यांची तक्रार अशी की कोर्टात बी.ए.च्या बाजूने ते बोलले आणि जिंकलो मी, देवासात त्यांच्याच कागदावर जिंकलो तेही मी. दोन्ही वेळा फी मलाच मिळाली, हे ते बोलले नाहीत, पण मनात तेच होते. डिग्रीची खरी किंमत किती ते दोन्ही ठिकाणी ठरले नाही. एकीकडे शून्य लागली, दुसरीकडे पाच हजार, आणि दोन्ही कागदांवर शिक्के अस्सल. धडा घ्यायचा तर वकिलांनी घ्यावा: कोर्टात बोललेले कोर्टात राहत नाही. त्याला नक्कल म्हणतात, आणि ती थोड्या पैशांत मिळते.

त्या खेपेस देवासहून परत निघालो तेव्हा गोविंदराव तिथेच राहिला, कामावर. तांग्यात मी आणि तात्या. मला बसायला पूर्ण जागा होती. पगडी गोविंदरावाच्या डोक्यावर गेली होती, डब्यात आता ती काळी टोपी होती. तात्याने ती उचलून आत टाकली होती आणि गोविंदरावाने मागितली नव्हती. क्षिप्रेचा उतार ओलांडला तेव्हा मला राहवले नाही. म्हटले, दोन संस्थानांत दोनदा हा माणूस ह्या एका गोष्टीसाठी ओरडला आहे, त्यालाच विचारावे.

"तात्या, आता केस नाही, कोर्ट नाही. खरे सांगा. गोविंदराव खरोखर इतका विद्वान आहे?"

तात्याने डब्याची दोरी ओढून गाठ पक्की केली.

"मला काय मालूम, भिया," तो म्हणाला. "मी कुठे शिकलोय."